वेदगंगेच्या काठाने

मुलांनो, भूगोलाच्या तासाला तुम्ही गंगा-यमुनांचे उगम पाठ करता, हिमालयाच्या शिखरांची उंची सांगता आणि दूरदूरच्या देशांच्या राजधान्याही बिनचूक म्हणून दाखविता. ही गोष्ट चांगलीच आहे. परंतु आपल्या गावाशेजारून वाहणारी नदी कोणत्या डोंगरातून येते, आपल्या तालुक्यात किती माणसे राहतात, ती एका गावी दाटीने आणि दुसऱ्या गावी विरळ का राहतात, असे कोणी विचारले म्हणजे आपण घुटमळतो. घरातील देव्हारा ज्याने नीट पाहिला नाही, त्याने काशीचे वर्णन करावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून आज आपण एका लहानशा मुलखाचा अभ्यास करू या. हा मुलूख म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातील भुदरगड तालुका.

कोल्हापूर शहरापासून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरांवर वेदगंगा नदीच्या काठी गारगोटी हे गाव वसले आहे. भुदरगड तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. तालुक्याच्या उत्तरेस राधानगरी, ईशान्येस कागल आणि आग्नेयेस आजरा हे तालुके आहेत. पश्चिमेस सह्याद्रीची उंच भिंत उभी असून तिच्या पलीकडे कोकणचा सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. तालुक्याचे क्षेत्रफळ सुमारे ६४० चौरस किलोमीटर आहे आणि त्यात शंभराहून अधिक गावे आहेत. सन २०११ च्या जनगणनेच्या वेळी येथे सुमारे दीड लाख माणसे राहत होती.

आता एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. तालुक्याचे नाव भुदरगड. परंतु मामलेदारांची कचेरी, बाजार आणि मोठ्या शाळा मात्र गारगोटीस. असे का झाले असावे? याचे उत्तर शोधण्यासाठी आपणांस इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

गारगोटीच्या नैर्ऋत्येस डोंगरावर भुदरगड हा किल्ला आहे. त्याचा माथा विस्तीर्ण व बराचसा सपाट आहे. वर मोठा तलाव आहे आणि भैरवनाथाचे देवालय आहे. कोल्हापूरच्या शिलाहार वंशातील दुसरा भोज राजा याने हा किल्ला बांधला, अशी परंपरा आहे. पुढे शिवछत्रपतींच्या काळी तो स्वराज्यात होता. त्या दिवसांत शत्रूची फौज केव्हा येईल याचा नेम नसे. म्हणून ज्याच्या ताब्यात गड, त्याच्या ताब्यात सभोवतालचा मुलूख, असा हिशेब होता. गडावरील शिबंदीस उपजीविकेसाठी जमिनी दिलेल्या असत. या लोकांना गडकरी म्हणत. गड हेच मुलखाचे नाक असल्यामुळे मुलखास गडाचेच नाव पडले.

एकोणिसाव्या शतकात काळ बदलला. कोल्हापूर संस्थानच्या कारभारावर इंग्रजांची पकड बसली आणि गडकऱ्यांच्या जमिनींची व्यवस्था मामलेदारांकडे सोपविण्यात आली. आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे हक्क जाणार, या भयाने सन १८४४ मध्ये गडकऱ्यांनी उठाव केला. सामानगड, भुदरगड आदी किल्ले त्यांनी लढविले. परंतु इंग्रजी तोफांपुढे त्यांचे बळ अपुरे पडले. किल्ल्यांचे महत्त्व गेले, गडावरची वस्ती ओसरली आणि सत्ता डोंगरावरून उतरून नदीकाठच्या कचेरीत येऊन बसली. कचेरीस रस्ता हवा, पाणी हवे, बाजार हवा. या तिन्ही गोष्टी वेदगंगेच्या खोऱ्यात होत्या. तालुक्याचे नाव गडाचे आणि ठाणे नदीचे, याचे रहस्य हे असे आहे.

या कचेरीच्या नावाशी आणखी एक स्मृती जोडलेली आहे. सन १९४२ च्या ‘चले जाव’ लढ्यात, १३ डिसेंबर रोजी, क्रांतिकारकांच्या एका तुकडीने गारगोटीच्या कचेरीवर हल्ला केला. त्या झटापटीत सात वीरांनी प्राणार्पण केले. गारगोटीत त्यांचे स्मारक आहे. भूगोल शिकताना आपण नद्या आणि डोंगर पाहतो. परंतु त्या डोंगरांच्या कुशीत कोणती माणसे निपजली हे ज्याने पाहिले नाही, त्याचा भूगोल अर्धाच राहिला असे समजावे.

आता आपण गारगोटीहून निघून नदीच्या काठाकाठाने, प्रवाहाच्या उलट दिशेने, उगमाकडे जाऊ या. हा प्रवास आपणांस पुस्तकातील दहा धड्यांइतके शिकवील.

गारगोटीजवळ खोरे बरेच रुंद आहे. नदीच्या दोन्ही बाजूंस काळी, गाळाची, कसदार जमीन आहे. जिकडे पाहावे तिकडे उसाचे मळे डोलत असतात. मधूनमधून भाताची खाचरे, भुईमूग आणि सोयाबीनची शिवारे दिसतात. येथील ऊस बिद्रीच्या दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यासारख्या कारखान्यांकडे जातो. या कारखान्याच्या नावातच आपल्या नदीचे नाव आहे, हे ध्यानात ठेवा. गावे मोठी व एकमेकांपासून जवळजवळ आहेत. एका गावच्या देवळातील घंटा दुसऱ्या गावी ऐकू यावी, इतकी ती निकट आहेत.

जसजसे आपण कडगावकडे आणि तेथून पाटगावकडे जाऊ लागतो, तसतशी दोन्ही बाजूंची डोंगररांग जवळ येते. खोरे निमुळते होते. काळ्या जमिनीचा पट्टा अरुंद होऊन तांबडी माती दिसू लागते. ऊस मागे पडतो. भात आणि डोंगर-उतारावरील वरकस जमिनीत नाचणी दिसू लागते. घरांची छपरे अधिक उतरती होतात, कारण त्यांना मुसळधार पाऊस झेलावयाचा असतो. गावांची तर तऱ्हाच बदलते. एका ठिकाणी दाटलेले गाव दिसत नाही. चार घरे येथे, सहा घरे टेकडीपलीकडे, दहा घरे ओढ्याच्या काठी, अशा वाड्या विखुरलेल्या असतात. डोंगराच्या माथ्यावर, रानाच्या कडेला, गुरे-शेरडे पाळणाऱ्यांचे धनगरवाडे आहेत. शेवटी सह्याद्रीचा कडा येतो. त्या कड्यावर रांगणा हा दुर्गम किल्ला कोकणावर नजर ठेवून उभा आहे. येथील घनदाट रानात गवे कळपाने हिंडतात.

पाटगाव हे या खोऱ्यातील शेवटचे मोठे गाव. येथे मौनी महाराजांचा मठ आहे. दक्षिणेच्या मोहिमेवर जाण्यापूर्वी शिवाजी महाराज या सत्पुरुषाच्या दर्शनास येथे आले होते, असे सांगतात. याच परिसरात वेदगंगेवर मातीचे धरण बांधले असून त्याच्या जलाशयास मौनी सागर असे म्हणतात.

एवढ्या थोड्या अंतरात मुलूख इतका का बदलतो? याचे मुख्य कारण पाऊस हे होय. जून महिन्यात अरबी समुद्रावरून बाष्पाने भरलेले वारे येतात. त्यांच्या वाटेत सह्याद्री आडवा उभा आहे. वारे कडा चढू लागतात. वर गेले म्हणजे थंड होतात आणि त्यांतील बाष्पाचे पाणी होऊन ते कोसळू लागते. कड्यावर आणि त्याच्या लगतच्या भागात पावसाची झड दिवस-दिवस थांबत नाही. पूर्वी शेतकरी डोक्यावर इरले घेऊन चिखलात वाकून भाताचा तरवा लावीत. आता इरल्याची जागा प्लास्टिकच्या कागदाने घेतली आहे, पण वाकलेली पाठ तीच आहे. वारे डोंगर ओलांडून पूर्वेकडे निघाले म्हणजे त्यांच्याजवळचे पाणी बरेचसे सरलेले असते. म्हणून पाटगावपेक्षा गारगोटीस पाऊस कमी, गारगोटीपेक्षा कागलच्या पूर्वभागास आणखी कमी. जिल्ह्याच्या पश्चिम कडेला गगनबावड्यास जो पाऊस पडतो, तो पूर्व टोकाच्या शिरोळ भागातील पावसाच्या कित्येक पट असतो.

येथे तुमच्यापैकी एखादा चाणाक्ष विद्यार्थी विचारील, “गुरुजी, जेथे पाऊस अधिक तेथे पीक अधिक, आणि जेथे पीक अधिक तेथे माणसे अधिक, असे असावयास हवे. मग पाटगावच्या वरच्या वाड्यांत माणसे थोडी आणि गारगोटीकडे जास्त, असे उलटे कसे?”

प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे उत्तर असे की, पाऊस किती पडतो याला जेवढे महत्त्व, तेवढेच महत्त्व तो किती मुरतो आणि कोठे साठतो याला असते. डोंगरमाथ्यावर जांभ्या दगडाचे सडे आहेत. त्यांवर मातीचा थर पातळ आहे. उतार तीव्र आहे. चार महिने धो धो पडलेले पाणी ओढ्या-नाल्यांनी खाली धाव घेते आणि दिवाळीनंतर झरे बारीक होऊ लागतात. चैत्र-वैशाखात त्याच वाड्यांतील बायाबापड्यांना घागरभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्याची वाट धरावी लागते. ज्या डोंगरावर आभाळ फाटते, त्याच डोंगरावर उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो. निसर्गाचे हे कोडे आमच्या तालुक्यातील मुलांना कोणी शिकवावे लागत नाही. ती ते डोक्यावर वाहतात.

खोऱ्यातील गावांची गोष्ट निराळी. माथ्यावरून वाहून आलेली सुपीक माती येथे थबकली आणि तिच्याबरोबर पाणीही. पाटगावच्या धरणात सुमारे १०५ दशलक्ष घनमीटर पाणी साठते. आता थोडे गणित करा. या पाण्यास तालुक्यातील दीड लाख माणसांनी भागले तर दर माणशी ७०० घनमीटर, म्हणजे सात लाख लिटर पाणी येते. अर्थात हे सर्व पाणी एकट्या भुदरगडचे नव्हे. नदीच्या खालच्या अंगास असलेल्या कागल तालुक्यातील शेतांनाही त्याचा आधार आहे. तरीसुद्धा आकडा केवढा मोठा दिसतो! परंतु धरणाच्या वरच्या बाजूस डोंगरावर असलेल्या वाडीस त्या सात लाखांतील घागरभरही आपोआप मिळत नाही. कारण पाणी उतारावरून खाली जाते, ते आपण होऊन चढत नाही. सरासरीचा आकडा खरा असूनही एखाद्या घराविषयी तो काहीच सांगत नाही, हा या गणितातील खरा धडा होय.

धरणातील पाणी शेतांपर्यंत कसे पोहोचते, हेही पाहण्यासारखे आहे. उन्हाळ्यात पाणी नदीच्या पात्रातच सोडतात आणि वाटेत ठिकठिकाणी ते बंधाऱ्यांनी अडवितात. या बंधाऱ्यांना ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ असे नाव असून ते महाराष्ट्रभर प्रसिद्ध आहेत. नदीच्या पात्रात ओळीने दगडी खांब उभारलेले असतात. खांबांना खाचा असतात. पावसाळा संपून पूर ओसरला म्हणजे त्या खाचांतून फळ्या बसवितात. त्यांना बरगे म्हणतात. बरग्यांच्या दोन ओळी बसवून मधल्या जागेत माती ठासतात, म्हणजे पाणी अडते. पुढे मृगाचा पाऊस येण्यापूर्वी बरगे काढून घेतात, म्हणजे पुराचे पाणी आणि गाळ विनासायास निघून जातो. बरगे वेळेवर घातले नाहीत तर पाणी वाहून जाते, आणि वेळेवर काढले नाहीत तर पुराने बंधाऱ्यास व काठच्या शेतांस धोका होतो. म्हणजे हा बंधारा दगडाचा असला तरी तो चालतो माणसांच्या दक्षतेवर. अडविलेले पाणी यंत्राने उपसून शेतकरी आपल्या मळ्यांना देतात. अनेक ठिकाणी त्यांनी एकत्र येऊन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढल्या आहेत.

बंधाऱ्यापुढे गेलेली वेदगंगा कागल तालुक्यातून मुरगूडवरून पुढे कर्नाटकात जाते व दूधगंगेस मिळते. दूधगंगा कृष्णेस मिळते आणि कृष्णा आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास. आमच्या कड्यापासून कोकणचा समुद्र हाकेच्या अंतरावर. पण तेथे पडलेला पावसाचा थेंब मात्र सारे दख्खन ओलांडून पूर्वसमुद्रास जातो!

आता आपण माणसांकडे वळू या. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. जिल्ह्याचे क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आणि सन २०११ ची लोकसंख्या ३८,७६,००१. दर चौरस किलोमीटरात सुमारे ५०४ माणसे, ही जिल्ह्याची घनता झाली. भुदरगडची दीड लाख लोकसंख्या आणि सुमारे ६४० चौरस किलोमीटर क्षेत्र घेतले तर घनता सुमारे २३५ येते. दुसऱ्या रीतीने पाहा. जमिनीच्या हिशेबाने भुदरगड म्हणजे जिल्ह्याचा बारावा हिस्सा. माणसांच्या हिशेबाने मात्र तो जिल्ह्याचा सव्विसावा हिस्साच भरतो. उरलेली माणसे कोठे आहेत? ती कोल्हापूर आणि इचलकरंजी यांसारख्या शहरांत, पंचगंगा व कृष्णा यांच्या काठच्या सपाट, बागायती तालुक्यांत आहेत. डोंगर, रान आणि पाणी यांनी भुदरगडची बरीच जमीन व्यापली आहे. माणसास राहावयास व पिकवावयास जेवढी उरली तेवढीच त्याने धरली.

परंतु लोकसंख्या कमी असण्याचे एवढेच एक कारण नाही. दुसरे कारण मला ज्या दिवशी कळले, तो दिवस मी विसरलेलो नाही.

सन १९९१ च्या फेब्रुवारीत जनगणनेचे काम चालू होते. मी त्या वेळी तरुण शिक्षक होतो आणि प्रगणक म्हणून डोंगरातील काही वाड्या माझ्याकडे आल्या होत्या. एका वाडीच्या शेवटच्या घरी मी पोहोचलो तेव्हा ऊन कलले होते. अंगणात एक वृद्ध बाई नाचणी पाखडीत बसल्या होत्या. मी कागद काढून विचारले, “आजी, या घरात किती माणसं राहतात?”

आजींनी सूप खाली ठेवले आणि बोटांवर मोजत सांगितले, “लिवा गुरुजी. मी, थोरला ल्योक, धाकटा ल्योक, दोन सुना आनि पाच नातवंडं. धा मानसं.”

मी घरात पाहिले. एक सून आणि दोन मुले एवढीच दिसत होती. मी विचारले, “बाकीचे शेतात गेले आहेत का?”

“न्हाई वं. ममईला हाईत. थोरला गिरणीत हुता. संपात गिरनी बंद पडली तवापासनं दुसरीकडं काम करतोय. त्येचं बिऱ्हाड तितंच हाय. धाकटाबी गेलाय गेल्या साली. त्येची बायकापोरं हितं हाईत.”

सन १९८२ मध्ये मुंबईच्या कापडगिरण्यांत मोठा संप झाला होता. त्या गिरण्यांत आमच्या डोंगराळ भागातील हजारो माणसे राबत असत. गिरणीचा भोंगा मुंबईत वाजे आणि त्यावर चुली भुदरगड, आजरा, चंदगडकडे पेटत. आजींचे घर त्यांतलेच एक होते.

मी त्यांना समजावून सांगितले, “आजी, जो माणूस जिथं राहतो, तिथंच त्याची मोजणी करायची असा नियम आहे. तुमचे लेक मुंबईच्या मोजणीत येतील. इथंही लिहिले तर ते दोनदा मोजले जातील. म्हणून या घरची माणसं चार.”

आजी बराच वेळ माझ्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “नियम आसंल तुमचा, माझी न्हाई तक्रार. पर गुरुजी, गनपतीत या एकदा मोजाय. ह्याच घरात पाय ठेवाय जागा नसती. चारच मानसांचं घर आसतं, तर एवढं मोठं कशापायी बांधलं असतं आमी?”

मी चार हा आकडा लिहिला. तो बरोबरच होता. नियम मोडून मी दहा लिहिले असते तर देशाच्या हिशेबात चूक झाली असती आणि मुंबईतील त्यांच्या लेकाचीही फसगतच झाली असती. कारण जेथे माणूस राहतो तेथे त्याला पाणी, शाळा व दवाखाना लागतो. तथापि उतरणीच्या वाटेने परत येताना ते सूप, ते मोकळे घर आणि आजींचा तो प्रश्न माझ्या मनातून जाईना. कागदावर चार असलेले घर, मनात मात्र दहांचे होते.

मुलांनो, जनगणनेचे आकडे म्हणजे केवळ पाठ करावयाची माहिती नव्हे. त्यांवर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात. सपाट मुलखात तीस हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असे शासनाचे मान आहे. डोंगराळ भागात ते वीस हजारांमागे एक ठेवले आहे. ही सवलत का? कारण डोंगरात माणसे थोडी असली तरी त्यांच्यामधील अंतरे मोठी असतात. आजारी माणसास डोलीत घालून दोन टेकड्या उतरवावे लागते तेव्हा ‘घनता कमी’ या शब्दांचा अर्थ कळतो. त्याचप्रमाणे बिऱ्हाडे शहरात गेली म्हणजे वाडीतील शाळेचा पट घटतो. पाटावर दहा-बाराच मुले राहिली म्हणजे ही शाळा पुढे चालेल ना, अशी चिंता साऱ्या वाडीस लागते. म्हणून खरी मोजणी करणे आणि त्या आकड्यामागचे घर ओळखणे, ही दोन्ही कामे महत्त्वाची आहेत. सन २०२१ ची जनगणना करोनाच्या साथीमुळे वेळेवर होऊ शकली नाही; ती सन २०२७ मध्ये करण्याचे भारत सरकारने जाहीर केले.

माणसे गाव सोडतात ती हौसेने नव्हे. ज्ञान आणि उद्योग गावी नसेल तर त्यांना त्याच्या शोधात जावे लागते. मग ज्ञान आणि उद्योगच गावाकडे आणता येणार नाही काय? हा विचार ज्यांनी कृतीत आणला, त्यांत डॉ. जे. पी. नाईक यांचे नाव अग्रगण्य आहे. शेजारच्या आजरा तालुक्यातील बहिरेवाडी या खेड्यात सन १९०७ मध्ये त्यांचा जन्म झाला. पुढे देशाच्या शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव झाले. अशा थोर पुरुषाने आपल्या प्रयोगासाठी मोठे शहर निवडले नाही. त्यांनी गारगोटी निवडली. सन १९५२ मध्ये येथे श्री मौनी विद्यापीठ ही संस्था सुरू झाली. पाटगावच्या मौनी महाराजांचे नाव तिला दिले आहे. बालशाळेपासून उच्च शिक्षणापर्यंतचे शिक्षण खेड्यातच मिळावे आणि त्या शिक्षणाचा खेड्याच्या जीवनाशी संबंध असावा, हा तिचा हेतू होता.

उद्योगाचेही एक ताजे उदाहरण पाटगावानेच घालून दिले आहे. त्या रानात जांभूळ, हिरडा यांसारखी झाडे आहेत आणि त्यांच्या फुलांवर मधमाश्या आहेत. महाबळेश्वरजवळील मांघर हे गाव सन २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. त्याच्या मागोमाग पाटगावनेही तो मान मिळविला. मधपेट्या ठेवून मध काढावयाचा तर रान राखावेच लागते. रान राखले तर झरेही टिकतात. ज्या डोंगराने आजवर माणसे बाहेर पाठविली, तोच डोंगर काहींना घरी राहण्याचे कारण देऊ लागला आहे. हा उपाय सर्वांना पुरेल असे नाही. परंतु मुलखाचा भूगोल नीट समजून घेतला म्हणजे त्याच्या अडचणींतूनच वाट कशी काढता येते, हे त्यावरून दिसते.

आपला प्रवास येथे संपतो. गडाने या तालुक्यास नाव दिले, नदीने अन्न दिले, डोंगराने पाऊस दिला आणि माणसांनी त्यास अर्थ दिला. तुमचा तालुका कोणताही असो, एखाद्या सुट्टीच्या दिवशी जवळच्या ओढ्याच्या काठाने उगमाकडे चालत जा. वाटेतील माती, पीक, घरे आणि माणसे पाहा. कोणाच्या अंगणात बसलात तर घरात किती माणसे आहेत हे विचारा. आणि मग घर किती माणसांसाठी बांधले होते, हेही विचारावयास विसरू नका.

अभ्यास

शब्दार्थ : शिबंदी – किल्ल्याच्या रक्षणासाठी ठेवलेली फौज. वरकस – हलक्या प्रतीची, डोंगर-उतारावरील जमीन. तरवा – लावणीसाठी तयार केलेले भाताचे रोप. इरले – पावसापासून बचावासाठी डोक्यावर घेण्याचे पानांचे व काड्यांचे आच्छादन. प्रगणक – जनगणनेची माहिती गोळा करणारा. पट – शाळेतील विद्यार्थ्यांची एकूण संख्या.

१. तालुक्याचे नाव भुदरगड आणि मुख्य ठिकाण गारगोटी असे का झाले, ते सात-आठ वाक्यांत लिहा.

२. कारणे द्या : (अ) पाटगावपेक्षा गारगोटीस पाऊस कमी पडतो. (आ) भरपूर पाऊस पडूनही डोंगरावरील वाड्यांत उन्हाळ्यात पाणी कमी पडते. (इ) कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात.

३. ‘सरासरीचा आकडा खरा असूनही एखाद्या घराविषयी तो काहीच सांगत नाही.’ हे विधान धरणातील पाण्याच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

४. प्रगणकाने आजींच्या घरची माणसे चार लिहिली, हे योग्य झाले काय? तुमचे मत कारणांसह सांगा.

५. आजींचे बोलणे प्रमाण मराठीत लिहा. असे केल्याने त्यातील कोणती गोडी कमी झाली, ते वर्गात सांगा.

६. ‘आभाळ फाटणे’, ‘घसा कोरडा पडणे’, ‘वाट धरणे’ या वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.

७. उपक्रम : आपल्या गल्लीतील किंवा वाडीतील दहा घरांत जाऊन प्रत्येक घरी राहणारी माणसे आणि कामानिमित्त बाहेरगावी गेलेली माणसे यांचा तक्ता तयार करा. त्यावरून ‘आमच्या वाडीची माणसे’ या विषयावर पंधरा ओळी लिहा.